वरून ठणठणीत, आत दाणे: मोकाट फिरणाऱ्या गावठी डुकराच्या पोटात काय लपलेलं असतं?

गावात डुक्कर कापलं की अधूनमधून एक प्रकार होतो. जनावर अंगानं भरलेलं, आदल्या संध्याकाळपर्यंत उकिरड्यावर हुंदडत होतं, खाण्यापिण्याची तक्रार नाही. चिरल्यावर मात्र कलेजीवर पांढरे डाग दिसतात, नाही तर मांसात पाण्याचे बारीक फोड. जमलेल्यांपैकी कुणी म्हणतं चरबीच्या गाठी आहेत, कुणी म्हणतं उष्णतेनं असं होतं. मग तेवढा भाग कापून बाजूला बसलेल्या कुत्र्यांना फेकला जातो आणि बाकीच्याचे वाटे पडतात.

त्या चार-पाच मिनिटांत तिथं नेमकं काय घडलं, हे समजून घेण्यासारखं आहे. डुक्कर पाळणाऱ्यानं तर समजून घ्यावंच. पण ज्यानं आयुष्यात डुकराचं मटण तोंडात घातलं नाही, त्यानंही हे वाचावं. कारण यातला सर्वात वाईट आजार मटणातून होत नाही.

आजारी असून डुक्कर आजारी दिसत का नाही?

विदर्भातल्या कापूसवाल्याला हे पटकन कळेल. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरते तेव्हा तिनं पाडलेलं भोक इतकं बारीक असतं की बोंड वाढताना ते बुजून जातं. बोंड वरून हिरवंगार राहतं आणि फोडल्यावरच कळतं की आत सरकी खाल्लेली आहे. डुकराचंही तसंच. बोंड हिरवं दिसतं म्हणून २०१७ च्या बोंडअळीत किती जण फसले, ते सांगायला नको.

शरीर हे लपवू शकतं, कारण अवयवांची ताकद गरजेपेक्षा जास्त असते. यकृताचा बराच भाग खराब झाला तरी उरलेला भाग काम ओढून नेतो. मूत्रपिंडांचं काम जवळपास तीन-चतुर्थांश बंद पडेपर्यंत रक्ताच्या नेहमीच्या तपासणीतसुद्धा फारसा फरक दिसत नाही. त्यात डुक्कर काही म्हातारं होईपर्यंत जगत नाही. अवयव थकायच्या आधीच ते कापलं जातं.

आणखी एक कारण आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. गावठी डुक्कर काटक असतं हे खरंच आहे. पण त्या काटकपणाच्या नावाखाली आपण एक लक्षण रोज नजरेआड करतो, ते म्हणजे वाढ न होणं. एकाच वेताची दोन पिल्लं, एक दीडपट मोठं आणि एक खुरटलेलं. मालक म्हणतो, गावठी आहे, एवढंच वाढायचं. वजनकाटा कुणी लावत नाही, त्यामुळे किती मांस जंतांनी खाल्लं याचा हिशेबही कधी होत नाही.

आत काय काय सापडतं

सर्वात जास्त दिसतात ते कलेजीवरचे पांढरे डाग. हे डुकराच्या गोल जंताचं काम. त्याची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. डुक्कर नाक खुपसून माती उकरतं, तेव्हा ती पोटात जातात. अंड्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदून यकृतात जाते, तिथून फुप्फुसात, मग खोकल्याबरोबर घशाशी येते आणि गिळली जाऊन परत आतड्यात पोचते. यकृतातून जाताना ती जिथं जिथं जखम करते, तिथं पांढरा व्रण उठतो. एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा: नव्यानं अळ्या आल्या नाहीत, तर हे डाग साधारण महिनाभरात विरून जातात. म्हणजे कापताना डाग दिसले, तर ते डुक्कर गेल्या काही आठवड्यांत घाण मातीत चरलेलं आहे. तसली कलेजी फेकून द्यावी. त्या डागांमुळे बाकीचं मांस मात्र बाद होत नाही.

फुप्फुसातला जंत गांडुळातून येतो. पावसाळ्यात ओली माती वर आली की डुकरं धुऱ्यावर, नाल्याच्या काठानं गांडुळं उकरून खातात, आणि त्या गांडुळात या जंताच्या अळ्या असतात. पिलू धावलं की ठसकतं, एवढंच बाहेरून दिसतं. फुप्फुसाची मागची टोकं चिरली की श्वासनळ्यांत पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत गुंतलेले सापडतात.

मूत्रपिंडाचा जंत याहून लबाड. मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीत आणि मूत्रनलिकेच्या कडेला तो घर करतो. तिथं पोचण्याआधी त्याच्या अळ्या यकृतात कित्येक महिने भटकून त्याची चाळण करतात. अंगात शिरल्यापासून त्याची अंडी लघवीतून बाहेर पडायला नऊ महिने किंवा त्याहूनही जास्त लागतात. तोवर लघवी तपासली तरी काही हाती लागत नाही.

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात, जिथं पावसाळाभर पायाखाली पाणी असतं, तिथं लेप्टोची नोंद वेगळी घ्यायला हवी. लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार आहे, जंतांचा नाही. डुकराच्या मूत्रपिंडात हे जंतू महिनोन्‌महिने राहतात आणि लघवीतून पाण्यात उतरतात. डुकरीण गाभडली तर शंका येते, नाही तर काहीच कळत नाही. पायाला भेग किंवा जखम असलेला माणूस त्या पाण्यात उतरला, की आजार त्याच्याकडे जातो.

आता पाण्याचा मोठा फोड. यकृतात किंवा फुप्फुसात लिंबाएवढी, कधी त्याहून मोठी, पाण्यानं भरलेली जाड पिशवी सापडते. ही डुकराचीच खासियत नाही, शेळ्या-मेंढ्यांत आणि गाई-म्हशींतही सापडते. तिला हायडॅटिड म्हणतात आणि तिचा मूळ मालक कुत्रा. कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचा एक इवलासा जंत असतो, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती डुकरानं खाल्ली की डुकरात पिशवी होते, माणसाच्या पोटात गेली की माणसात. माणसात ती वर्षानुवर्षं सावकाश वाढते आणि शेवटी शस्त्रक्रियेची वेळ येते. आता सुरुवातीचा प्रसंग आठवा. अशी पिशवी असलेली कलेजी कुत्र्याला फेकणं म्हणजे त्या जंताला त्याच्या घरी सोडून येणं. कुत्रा ती खातो, महिना-दोन महिन्यांत अंडी टाकू लागतो, आणि त्याच कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून पोरं खेळतात. जमिनीत कोपरभर खड्डा, वर माती आणि दगड, एवढं केलं तरी ही साखळी तुटते. आपल्याकडे ते होत नाही, कारण फेकायला दोन सेकंद लागतात आणि खड्ड्याला दहा मिनिटं.

मांसातले दाणे आपल्याकडूनच गेलेले असतात

मांसात, जिभेत, हृदयात पाच ते दहा मिलिमीटरचे, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे पारदर्शक फोड असतात, आणि प्रत्येकाच्या आत एक पांढरा ठिपका. हा ठिपका म्हणजे पट्टकृमीच्या अळीचं डोकं. पट्टकृमी हा पट्टीसारखा चपटा, लांबलचक जंत. डुकरातल्या या दाण्यांच्या आजाराला सिस्टीसर्कोसिस म्हणतात. यापुढे आपण त्यांना दाणेच म्हणू.

लोकांचा समज असा की डुक्कर घाण खातं, म्हणून हा आजार डुकराचा. प्रत्यक्षात हा पट्टकृमी पूर्ण वाढतो तो फक्त माणसाच्या आतड्यात. तिथं तो दोन ते सात मीटरपर्यंत लांब होतो. त्याच्या अंगाचे सुमारे हजार तुकडे असतात आणि पिकलेल्या एकेका तुकड्यात ५०,००० च्या आसपास अंडी. हे तुकडे गळून शौचावाटे बाहेर पडतात. ज्याच्या पोटात तो आहे त्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो. थोडं पोट दुखतं, मळमळतं, एवढंच. असा माणूस उघड्यावर बसला आणि डुकरानं ते खाल्लं, की हजारो अंडी एका दमात डुकराच्या पोटात जातात. अंड्यातली अळी आतडं भेदून रक्तात शिरते, अंगभर पसरते आणि दोन-तीन महिन्यांत दाणा तयार होतो. म्हणूनच एका डुकरात दाण्यांचा खच असतो, तर त्याच कळपातल्या दुसऱ्यात एकही नसतो.

ते मांस कच्चं राहिलं आणि माणसानं खाल्लं, तर दाण्यातलं डोकं त्याच्या आतड्याला चिकटतं आणि नवा पट्टकृमी वाढू लागतो. चक्र पूर्ण.

“आम्ही डुक्कर खातच नाही, आम्हाला काय?”

इथंच सगळ्यात मोठी गल्लत होते. डुकराचं कच्चं मटण खाऊन पोटात पट्टकृमी होतो. पण मेंदूत दाणे होतात ते मटणातून नव्हे, माणसाच्या विष्ठेतली अंडी पोटात गेल्यानं. ती अंडी हातावरून येतात, पाण्यातून येतात, नाल्याच्या पाण्यावर पिकलेल्या पालकावरून आणि न धुता चिरून वरून घातलेल्या सांबारावरून, म्हणजे कोथिंबिरीवरून येतात. घरात कुणा एकाच्या पोटात पट्टकृमी असेल आणि तो हात न धुता कणीक मळत असेल, तर घरादाराला धोका. गळ्यात माळ घातलेल्या घरातही हा आजार होतो, आणि होतोच.

अंडं पोटात गेलं की माणसाच्या अंगात तेच घडतं जे डुकराच्या अंगात घडतं. दाणा मेंदूत बसला तर त्याला न्यूरोसिस्टीसर्कोसिस म्हणतात, आणि त्याचं नेहमीचं पहिलं लक्षण म्हणजे फिट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जिथं हा आजार मुरलेला आहे अशा अनेक भागांत मिरगीच्या सुमारे ३० टक्के रुग्णांच्या मुळाशी हेच दाणे असतात. अंडं पोटात जाण्यापासून पहिली फिट येण्यापर्यंत कित्येक महिने, कधी वर्षंही जातात. त्यामुळे कुणालाच त्याचा संबंध जोडता येत नाही.

पोराला फिट आली की आपल्याकडे आधी चप्पल हुंगवतात, कांदा फोडतात, मग बाबाकडे नेतात. सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा नंबर फार उशिरा लागतो. हा आजार औषधांनी आटोक्यात येणारा आहे, म्हणून हा उशीर जास्त खटकतो. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. मेंदूत दाणे असण्याची शंका असेल तर दुकानातून जंताच्या गोळ्या आणून स्वतःच्या मनानं खाऊ नयेत. दाणे मरताना त्यांच्याभोवती सूज येते आणि फिट वाढू शकते. म्हणून डॉक्टर ती औषधं सूज उतरवणाऱ्या औषधांसोबत आणि देखरेखीखाली देतात.

“आम्ही चांगलं शिजवून खातो”

मग निम्मी लढाई तुम्ही जिंकली आहे. मांसाचा आतला गाभा पुरता शिजला, कुठंही गुलाबीपणा राहिला नाही, तर दाणे मरतात. बारीक तुकडे करून तासभर रटरटवलेल्या सावजी रश्श्यात दाणा जिवंत राहत नाही. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. डुकराचे केस काढायला ते जाळावर भाजतात. कातडी काळी होते, खरपूस वास सुटतो, पण आतलं मांस कच्चंच असतं. तिथंच एखादा कातडीचा तुकडा चाखायला तोंडात टाकला जातो. निखाऱ्यावर भाजलेले मोठे तुकडेही वरून करपतात आणि आत लाल राहतात. ओल्या पार्ट्यांत, अंधारात, घाईत, मांस शिजलं का हे बघतो कोण?

रानडुकराच्या बाबतीत तर हा प्रश्नच येऊ नये. परवानगीशिवाय शिकार हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. तरीही वावरात नासधूस करणारं रानडुक्कर ‘मेलं’ की कुठल्या घरी काय शिजतं हे गावाला ठाऊक असतं. तेही गावाच्या कडेलाच चरतं, त्यामुळे त्याच्या मांसाला जंगलाचं म्हणून कुठलीही सूट नाही.

“जंताचं औषध दिलं की झालं ना?”

आतड्यातल्या गोल जंतासाठी आपल्याकडची नेहमीची औषधं चालतात. फुप्फुसातल्या आणि मूत्रपिंडातल्या जंतावर आयव्हरमेक्टिन लागू पडतं. पण आयव्हरमेक्टिनचा दाण्यांवर काही उपयोग नाही, आणि बहुतेक पाळणारे तेच टोचून निश्चिंत होतात. दाण्यांवर चालतं ते ऑक्सफेंडाझोल, वजनाच्या दर किलोला ३० मिलिग्रॅम, एकदाच. तेही दिल्याबरोबर मांस खाण्याजोगं होत नाही. औषध अंगातून उतरायला वेळ लागतो आणि मेलेले दाणे मांसात बराच काळ दिसत राहतात. किती थांबायचं ते पशुवैद्यकालाच विचारावं.

दाण्यांविरुद्ध डुकरांसाठी लसही आहे. तिचं शास्त्रीय नाव टीएसओएल१८, आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी ती बनवते. लस नवा संसर्ग रोखते, अंगात आधीच बसलेले दाणे काढत नाही. म्हणून लस आणि ऑक्सफेंडाझोल जोडीनं देतात. आपल्या भागात ती कशी मिळेल, हे पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारता येईल.

आणि डुकराला औषध देऊन माणसाला तसंच ठेवलं, तर उपयोग थोडाच. शाळेत १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मातीतून येणाऱ्या जंतांसाठी आहे. पट्टकृमीसाठी डॉक्टर निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वांटेल देतात. शौचात पांढऱ्या पट्टीचे तुकडे दिसले तर लाजू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावं.

“मग डुकरंच हाकला गावातून”

ग्रामसभेत हा ठराव टाळ्यांच्या गजरात पास होतो. नगरपालिका गाडी पाठवून डुकरं पकडतेही. पण पट्टकृमी ज्याच्या पोटात आहे तो माणूस गावातच राहतो, आणि मेंदूतल्या दाण्यांचा धोका त्याच्या विष्ठेतून आहे, डुकरातून नाही. डुक्कर गेल्यानं पुढचे पट्टकृमी कमी होतील हे कबूल. पण ज्याचं नुकसान होतं ते कुटुंब बहुधा भूमिहीन असतं. त्याच्याकडे डुक्कर म्हणजेच बँक. पोरीचं लग्न निघालं की दोन विकायची, दवाखाना निघाला की एक.

बांधून पाळा म्हणणं सोपं आहे. मोकाट डुक्कर फुकटात खातं, बांधलेल्याला रोज चारावं लागतं, आणि कोंडा-ढेप विकत घेऊन गावठी डुक्कर वाढवलं तर हिशेब बसत नाही. मधला रस्ता असा: लोक बाहेर जातात त्या वेळी, म्हणजे पहाटे आणि दिवेलागणीला, डुकरं कोंडून ठेवायची. हॉटेलातलं उरलेलं अन्न आणायचं, पण उकळूनच घालायचं. पुरता बंदोबस्त नाही, पण धोका कमी होतो.

खरा बंदोबस्त शौचालयाचा. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झालं, स्वच्छ भारत २०१४ मध्ये, आणि २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीरही झाला. संडास बांधले गेले हे खरं. त्यातल्या काहींत आज सरपण आणि गोवऱ्या आहेत, हेही खरं. आणि एक गोष्ट कुठल्याच फलकावर नसते. टाकी भरली की मैला उपसणारा टँकर येतो आणि तो रिकामा कुठं होतो? गावाबाहेरच्या नाल्यात, जिथं डुकरं लोळतात आणि ज्याच्या पाण्यावर पुढं भाजी पिकते. संडास घरात असूनही अंडी उघड्यावरच. शोषखड्ड्यांची जोडी असेल, तर भरलेला खड्डा निदान वर्षभर बंद ठेवून मगच उपसला तर धोका पुष्कळ कमी होतो.

कापताना कुठं पाहायचं

कत्तलखान्यात पशुवैद्यक डुक्कर कापण्याआधी आणि नंतर तपासतो. गावात ते काम कुणीच करत नाही, तेव्हा निदान कापणाऱ्यानं करावं. हृदय उभं चिरून आतली बाजू बघावी. जबड्याचे आणि खांद्याचे जाड स्नायू आडवे कापून बघावेत. जीभ बाहेर ओढून खालची बाजू चाचपावी. टणक गोळी बोटाला लागली तर शंका घ्यावी. जिवंत डुकराचीही जीभ अशी बघता येते, फक्त दोन माणसं आणि तोंडात आडवी काठी लागते. जिभेत दाणे सापडले तर संसर्ग नक्की. सापडले नाहीत तर मात्र डुक्कर निर्दोष ठरत नाही, कारण थोडे दाणे असतील तर जीभ ते दाखवत नाही.

जीभ बघायची सवय रुजली की एक नवीच अडचण उभी राहते. ज्याच्या डुकरात दाणे सापडतात त्याचा सौदा बाजारात मोडतो. तो माणूस ते डुक्कर जमिनीत पुरत नाही. कमी भावात, न बघणाऱ्या गिऱ्हाइकाला, नाही तर आपल्याच वस्तीत विकतो. तोटा एकट्याच्या माथी असेल तर कुणीही हेच करेल. म्हणून नुसतं ‘तपासा’ म्हणून भागत नाही. दाणे सापडलेल्या डुकराला तिथंच औषध मिळायला हवं आणि बरं झाल्यावर ते विकता येईल, एवढी हमी पशुसंवर्धन खात्यानं आणि ग्रामपंचायतीनं मिळून द्यायला हवी. ऑक्सफेंडाझोलच्या एका डोसचा खर्च वाया गेलेल्या डुकराच्या किमतीपुढे काहीच नाही, आणि फिटसाठी काढलेल्या एका एमआरआयपुढे तर नाहीच नाही.